कार्यशाळा : दिवस दुसरा

निलंग्याच्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत
आम्ही सव्वीस प्राध्यापक
फरशीवर मांडी घालून.
हंगरगे सरांनी आधी रुमाल अंथरला.

समोर वीट, विटेखाली सँडपेपर,
विटेला रबर, रबराला दोरी.
"ओढा," शिकवायला आलेली शर्वाणी म्हणाली.
माझ्या विद्यार्थिनींहून फार तर चार वर्षांनी मोठी.
"हळू. आणि कुणीतरी पट्टीवर बघा, रबर किती ताणलं."

मी ओढत गेले.
चार, साडेचार, सहा.
वीट ढिम्म.
तांबोळी मॅडम म्हणाल्या, "ही तर आमच्या प्राचार्यांवर गेली."
सगळे हसले, आणि त्या हसण्यातच
वीट सटकन सुटून
माझ्या गुडघ्याला येऊन भिडली.

"लिहा. आता पुन्हा."
सात वेळा पुन्हा. सातही आकडे वेगळे.
पाच, आठ, साडेसहा,
एकदा तर तीनलाच, चोरपावलांनी.
हंगरगे सर वैतागले :
"मग पोरांना नेमकं सांगायचं काय?"
"हेच," ती म्हणाली, "ताण मोजता येतो.
वेळ सांगता येत नाही."

एकोणीस वर्षं मी हा धडा शिकवते.
पिवळ्या पडलेल्या वहीतून :
व्याख्या, कारणे, परिणाम. गुण पाच.
'प्राथमिक लहरी'खाली लाल रेघ,
फळ्यावर कापलेल्या कांद्यासारखी पृथ्वी.
वर्गात वीट कधी नेली नाही.
भिंतीत होत्याच की.
आणि खरं सांगायचं तर
त्या साली मी जालन्यात, दहावीला.
मांडणीवरची भांडी वाजली म्हणे.
मला जागही आली नाही.

जेवणानंतर खांद्याला खांदा लावून
नऊ-नऊच्या तीन रांगा.
पहिल्याला बाजूनं ढकललं की धक्का
शेवटच्यापर्यंत सरकत जातो :
ही पहिली लहर, घाईची.
मग एकेकानं कमरेतून पुढं-मागं डोलायचं :
ही दुसरी, सावकाश येणारी, पाडणारी.

आमच्या रांगेत एक माणूस कमी.
पाण्याचा जार ठेवायला आलेल्या विश्वंभरला,
प्रयोगशाळेच्या परिचराला, कुणीतरी ओढलं.
"या हो, नुसतं उभं राहायचंय."
तो माझ्या उजवीकडे.

धक्का गेला, नीट गेला.
मग डोलणं आलं, माझ्यातून पुढं गेलं
आणि त्याच्यापाशी थांबलं.
पलीकडचे तिघं वाट बघत उभे.
"काय झालं?"
"आधी आवाज येतोय, मॅडम.
तुमच्यात आवाजच ठेवला नाव."

पंखा तेवढा फिरत होता.
शर्वाणीनं खडू उचलला, मग खाली ठेवला.
"कसा आवाज?"
विश्वंभरनं इकडंतिकडं पाहिलं,
कपाटाखालचा रिकामा पत्र्याचा डबा ओढला,
बागेतून आणलेली मूठभर खडी
वरून आत सोडली.
थोडी, मग सगळी.
"असा. पण पायाखालून.
गणपती बोळवून नुकताच डोळा लागला होता."
आणि जार सरळ करून निघून गेला,
चहाचं सांगायचं होतं त्याला.

त्यानंतर आम्ही ट्रेमध्ये घर बांधलं :
काळ्या दगडाच्या कपच्या, काळी माती,
वर जाड माळवद.
ट्रे हलवायला कुणी पुढं होईना.
शेवटी तांबोळी मॅडमनी हलवला.
भिंतीची दोन तोंडं दोन बाजूंना उलली,
माळवद मधोमध बसलं.
दुसऱ्या घरात आम्ही आरपार लांब दगड घातले,
दारांवरून सुतळीचा पट्टा फिरवला.
ते तडकलं. उभं राहिलं.
टाळ्या वाजल्या नाहीत. फोटोही कुणी काढला नाही.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली, मोजून सव्वीस.

माझी वीट मी मागून घेतली.
लातूरच्या एसटीत कंडक्टरनं पिशवी चाचपली,
"काय भरलाव बाई इतकं जड?"
"सोमवारचा तास," मी म्हणाले.
त्यानं लगेजचं तिकीट फाडावं की नाही
याचा क्षणभर विचार केला.

लामजन्याच्या पुढं मोठा खड्डा आला,
पिशवीत वीट हलली,
आणि बोटांत गुंडाळलेलं रबर
किती ताणलंय
ते मी खाली वाकून पाहिलं.